हिरव्या चहातील खनिजे : पानात किती, पेल्यात किती?

हिरवा चहा हे खनिजद्रव्यांनी समृद्ध असे पेय आहे, अशी त्याची वाखाणणी आज सर्वत्र ऐकू येते. ही स्तुती अगदीच निराधार नाही. परंतु ती पानाची आहे, पेल्याची नव्हे. पान आपण खात नाही, त्याचा अर्क पितो. हा साधा भेद नजरेआड झाल्याने कोणाचे नुकसान होते, याचा विचार वाचकांनी करावा, एवढ्याचसाठी हे लिहावयाचे.

हिरवा चहा आणि काळा चहा ही एकाच झुडपाची पाने होत. खुडलेली पाने लागलीच वाफेवर अथवा तापलेल्या कढईत गरम केली म्हणजे त्यांतील विकरे निष्क्रिय होतात व पानांचा हिरवेपणा टिकतो. कांगडा खोऱ्यातील हिरवा चहा असाच सिद्ध होतो. परंतु उष्णतेने खनिजे निर्माण होत नाहीत, की नष्टही होत नाहीत. तेव्हा या बाबतीत हिरव्या चहाला काळ्याहून श्रेष्ठ मानण्यास आधार नाही.

वाळलेले पान जाळले असता शेकडा सुमारे ५ ते ६ भाग राख उरते. तीत पोटॅशियमचा वाटा सर्वांत मोठा असतो. मात्र पेल्यासाठी आपण जेमतेम २ ग्रॅम पाने वापरतो, आणि त्यांतील काही अंशच पाण्यात उतरतो. पेलाभर हिरव्या चहात पोटॅशियम बहुधा ५० मिलिग्रॅमच्या आसपास वा त्याहून कमी असते. एका मध्यम केळ्यात ते ४०० मिलिग्रॅमच्या घरात असते. १०० मिलिलिटर दुधात कॅल्शियम सुमारे १२० मिलिग्रॅम, तर तेवढ्याच चहात पानांतून आलेले कॅल्शियम अवघे काही मिलिग्रॅम. मँगनीज तेवढे लक्षात घेण्याजोग्या प्रमाणात मिळते.

चहाचे झुडूप आम्ल जमिनीत वाढते आणि तेथील ॲल्युमिनियम व फ्लुओराइड शोषून पानांत साठविते. कोवळ्या पानांपेक्षा जून पानांत हा साठा कितीतरी अधिक असतो. जून पाने व देठ यांपासून केलेला विटेच्या आकाराचा चहा भरपूर पिणाऱ्या तिबेटी लोकांत फ्लुओराइडचा विकार आढळला आहे. नळगोंड्यासारख्या ज्या भागांत विहिरींच्या पाण्यातच फ्लुओराइड आहे, तेथे चहाने त्यात भरच पडते.

याहूनही महत्त्वाची गोष्ट लोहाची. चहा लोह देत नाही म्हणण्याइतके थोडे देतो. उलट डाळी, भाकरी व पालेभाज्या यांतील लोह त्याच्यातील कषाय द्रव्ये बांधून ठेवतात, आणि ते शरीरास दुरावते. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी १९७५ मध्ये हे प्रयोगाने दाखविले. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जेवणानंतर तासाभराने चहा घेतला असता ही बाधा बरीच कमी झाल्याचे दिसले. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५७ स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा स्त्रीने खनिजांच्या आशेने जेवणाबरोबर चहा घ्यावा, आणि ताटातले लोह गमवावे, यासारखा दुर्दैवी विपर्यास दुसरा कोणता?

यास्तव माझे मत असे की, चहाच्या पुड्यावर खनिजांचा उल्लेख करावयाचाच असेल तर तो पानाच्या नव्हे, तयार पेल्याच्या हिशेबाने करावा. आणि चहा जेवणापासून तासभर दूर ठेवावा, ही सूचनाही त्याच पुड्यावर छापावी. हा खर्च फारसा नाही.

हिरवा चहा वाईट आहे, असे येथे सुचवावयाचे नाही. त्याची चव, त्याचा सुगंध, त्याने येणारी तरतरी हे गुण पुरेसे आहेत. खनिजे ज्यास हवीत त्याने नाचणी, डाळी, पालेभाजी व दूध यांकडे वळावे. चहा आवडीने प्यावा. त्याच्याकडून आहाराचे काम मात्र अपेक्षू नये.