किब्ला दाखवणारा फोन आणि आपली परवानगी

शाळा सुटल्यावर नववीतल्या एका मुलाने मला मोबाईलमधल्या सेन्सर्सची यादी दाखवली. "सर, फोनमध्ये हवेचा दाब मोजणारं यंत्र कशाला? पाळत ठेवायलाच ना?"

त्याची शंका रास्त होती, पण संशय भलत्याच यंत्रावर होता. हवेच्या दाबावरून बॅरोमीटर उंचीचा अंदाज देतो. मॅग्नेटोमीटर पृथ्वीचे चुंबकत्व मोजतो. किब्ला दाखवणारा काटा त्यावरच फिरतो, म्हणून कव्हरला चुंबक असेल तर तो चुकतो. हालचाल टिपणाऱ्या ॲक्सिलरोमीटरच्या आधारे अँड्रॉइड फोन भूकंपाचा इशाराही देतात. भारतात ही सोय २०२३ मध्ये आली. ही यंत्रे अगदीच निरुपद्रवी आहेत असेही नाही. जायरोस्कोप बोलण्याची कंपने टिपू शकतो, हे २०१४ मध्ये संशोधकांनी दाखवले.

पण आपल्या समाजाला प्रत्यक्षात फटका बसला तो कुठल्या गूढ यंत्रामुळे नव्हे. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या 'मदरबोर्ड'ने उघड केले की, नमाजाच्या वेळा आणि किब्ला दाखवणाऱ्या 'मुस्लिम प्रो' ॲपमधली लोकेशनची माहिती 'एक्स-मोड' या कंपनीकडे जात होती आणि त्या कंपनीच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. लष्कराला आपण थेट काही विकले नाही, असे ॲपवाल्यांनी सांगितले आणि एक्स-मोडशी संबंध तोडले. त्यात गेलेली माहिती साध्या जीपीएसची होती आणि 'अलाऊ' वापरणाऱ्यांनीच दाबले होते.

आता आपल्या नागपूरचे पाहा. नागपूर आणि मक्का जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. इथून किब्ला पश्चिमेच्या थोडा उत्तरेला, सुमारे ८ अंशांवर येतो. मोमिनपुऱ्यातून सदरला गेलात तरी तो बदलत नाही. नमाजाच्या वेळांसाठी शहराचे नाव पुरते. मग ॲपला चोवीस तास आपला ठावठिकाणा कशाला हवा?

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा म्हणतो की, कामापुरतीच माहिती संमतीने घ्यावी. पण न वाचताच संमती देणाऱ्याला कायदा किती वाचवणार?

मी त्या मुलाला सेटिंग्जमधली लोकेशनची परवानगी उघडायला लावली. अकरा ॲप्सना 'नेहमी' परवानगी होती, त्यात एक टॉर्चचे होते. तो हसला आणि एकेक बंद करू लागला. घरी येऊन मी माझाही फोन उघडला. माझ्याकडे चौदा निघाली.

आज तुम्हीही मोजून पाहा.