दंड ऑनलाइन, सुनावणी मात्र परराज्यात

मा. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
यांस,

कोल्हापूरची एमएच ०९ ची गाडी पणजीच्या १८ जून मार्गावर नको तिथे उभी केली, की पोलीस मोबाइलवर फोटो काढतो, नंबर टाकतो आणि चलान गाडीच्या नोंदीला जाऊन चिकटतं. वाहनधारकाला ते कधी कळतं, तर पुष्कळदा गाडी विकायला काढल्यावर. गिऱ्हाईक ठरलेलं, विसार घेतलेला, आणि आरटीओत नावावर करून देताना परराज्यातली थकबाकी पुढे येते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुढच्या खेपेला १५०० रुपयांपर्यंत दंड आहे. रकमेबद्दल तक्रार नाही. पैसे भरायला सारा देश एक, आणि बाजू मांडायची म्हटली की राज्यांच्या सीमा आडव्या, हे मात्र पटत नाही.

आभासी न्यायालयांचंच बघा. महाराष्ट्रातलं असं न्यायालय २०२० मध्ये आपल्याच नागपूर जिल्ह्यात, काटोलला सुरू झालं. तिथे गुन्हा कबूल असेल तर घरबसल्या दोन मिनिटांत सुटका होते. 'कबूल नाही' म्हटलं, की प्रकरण त्या हद्दीतल्या नेहमीच्या न्यायालयाकडे जातं. सांगलीच्या माणसाने बंगळुरूचं ५०० रुपयांचं चलान लढवायचं, तर प्रवासाचा खर्च दंडाच्या कितीतरी पट. म्हणजे नंबर चुकीचा टिपला गेला असला, तरी शहाणा माणूस निमूट पैसे भरतो. त्या वसुलीला गुन्ह्याची कबुली कसं म्हणायचं? मालवाहू गाड्यांवर तर आणखी अन्याय. चलान मालकाच्या नावावर येतं, मालक ते चालकाच्या पगारातून कापतो, आणि माल उतरवायला दुसरी जागाच नव्हती हे सांगायला त्या चालकाला कुणी विचारतही नाही.

गाडी मालकाने आरटीओत मोबाइल नंबर अद्ययावत ठेवायला हवा, असं आपले अधिकारी म्हणतील. खरं आहे, आणि जो ठेवत नाही त्याची कीव करायचं कारण नाही. पण कॅमेऱ्यांच्या चलानाची नोटीस १५ दिवसांत पाठवण्याचं बंधन आपल्याच मंत्रालयाने २०२१ च्या ऑगस्टमध्ये घातलं होतं. शिवाय केवळ दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल सबळ कारणाशिवाय सहा महिन्यांनंतर घेता येत नाही, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५१४ सांगतं. मग न्यायालयापर्यंत कधी पोचलीच नाहीत अशी जुनी चलानं वर्षानुवर्षं गाडीच्या मानगुटीवर कशी बसतात? मधूनच कर्नाटकासारखं एखादं राज्य निम्म्या दंडाची सवलत काढतं, २०२३ च्या फेब्रुवारीत काढली तशी, आणि वेळेवर भरणारा वेडा ठरतो.

सैल सोडलं तर परराज्यातल्या गाड्या कुठेही ठाण मांडतील, ही भीती खोटी नाही. सुट्टीच्या दिवसांत पणजीकरांना ती चांगलीच ठाऊक आहे. दंड माफ करा, असं कुणी म्हणतही नाही. राहिला प्रश्न हद्दीचा: गुन्हा जिथे घडला तिथलंच न्यायालय तो चालवणार, हे मान्य. पण त्याच संहितेचं कलम ५३० इलेक्ट्रॉनिक माध्यमातून कामकाज चालवायला मुभा देतं. न्यायालय पणजीचंच राहू द्या, वाहनधारक कोल्हापुरातून पडद्यावर हजर होईल. त्यासाठी राज्यं आणि उच्च न्यायालयं यांना एकत्र बसवावं लागेल, आणि ते आपण करू शकता. तोवर निदान नोटीस पोचल्याचा पुरावा नसलेल्या, सहा महिने उलटूनही न्यायालयात न गेलेल्या परराज्यातल्या चलानांपायी आरटीओतली कामं अडवू नयेत, एवढा आदेश काढावा.

आपला,
एक वाहनधारक