एक गोळी, एक चिंदी

नवी बाइक घेतली की बाबा काय सांगतात? 'पहिले पाचशे किलोमीटर पन्नासच्या वर न्यायची नाही!' आपण मान डोलावतो. (हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पन्नासच्या वर जाणार कशी, हे मनातल्या मनात.) हा 'रनिंग-इन'चा फंडा गाड्यांपुरताच आहे, असा माझा समज होता. परवा रविवारी सकाळी साडेसहाला मावसबहिणीने मला झोपेतून उठवून शूटिंग रेंजवर नेलं, तेव्हा कळलं की रायफलच्या नव्या बॅरललासुद्धा रनिंग-इन असतं. म्हणजे, असतं की नसतं यावरच तिथे भांडण जुंपलं होतं!

मॅडम आयटीत आहेत. सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर टेस्टिंग, शनिवार-रविवार पॉइंट टू टू रायफल. कॉलेजात एनसीसी केलेल्यांना ही चीज आठवत असेल. १ ऑगस्ट २०२४ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ४५१.४ गुणांनी ऑलिंपिक ब्राँझ पटकावलं, तेही याच ५० मीटरच्या खेळात. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटरचं. करंगळीचं नख बघा, साधारण तेवढं. आणि गोळी ५.६ मिलिमीटरची. म्हणजे चुकायला जागा किती, तुम्हीच ठरवा.

तर या बाईने दीड वर्षाची सेव्हिंग्ज आणि गोव्याची ट्रिप एका नव्या बॅरलमध्ये घातली आहे. कारण जुनीची तिने स्वतःच वाट लावली. वापरून नव्हे, साफ करून! रोज प्रॅक्टिस झाली की जोडाजोडीचा अॅल्युमिनियमचा रॉड घ्यायचा आणि पुढच्या तोंडातून खसाखसा घासायचं. इथेच गडबड झाली. बॅरलच्या तोंडाची कड, म्हणजे 'क्राउन', ही गोळीला बाहेर पडताना स्पर्श करणारी शेवटची जागा. ती एका बाजूने झिजली, की मागून येणारा गॅस त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळी हलकीशी कलंडते. कड पुन्हा कापून घेता येते, तिने घेतलीही. पण रॉडने आतल्या पिळाच्या खाचाही बऱ्याच खोलवर घासल्या होत्या. दहाचे नऊ, नवाचे आठ... आणि ही वर्षभर दोष देत होती स्वतःच्या श्वासाला.

म्हणून या वेळी ती फुल तयारीने आली होती. वहीत लिहिलेला विधी असा: एक गोळी झाडायची, बॅरल साफ करायची. पुन्हा एक गोळी, पुन्हा सफाई. असं दहा वेळा. मग पाच-पाच गोळ्यांनी. 'ताई, रॉडला हात लावू नकोस हं,' अशी तंबी मला आधीच मिळाली.

सर शांतपणे चहा पीत होते. म्हणाले, 'अगं, हा विधी तुझ्या रायफलचा नाहीच!'

फंडा असा आहे. मोठ्या रायफलींच्या गोळीवर तांब्याचं आवरण असतं. बॅरल आतून कितीही गुळगुळीत केली, तरी गोळी जिथून खाचांमध्ये शिरते तो 'थ्रोट' नंतर हत्याराने कापतात आणि तिथे बारीक आडवे ओरखडे राहतात. त्यांवर तांबं खरवडलं जातं आणि पुढे नळीत चिकटतं. ते साफ करता करता पुढच्या गोळ्यांनी ओरखडे गुळगुळीत होतात, असं क्रीगरसारखी नामांकित बॅरल कंपनी सांगते. द्रावणात भिजवलेली चिंदी निळी बाहेर आली, की समजायचं तांबं निघतंय. उलट अमेरिकेतले रायफल बनवणारे गेल मॅकमिलन म्हणायचे, हे सगळं थोतांड, याने बॅरलचं आयुष्यच कमी होतं. दोघंही धंद्यातले मुरलेले. मग खरं कोण? गंमत म्हणजे हे सिद्ध करणंच अवघड आहे. एक बॅरल दोनदा नवी करता येत नाही ना!

पॉइंट टू टूची गोष्ट आणखी वेगळी. स्पर्धेतली ही गोळी साध्या शिशाची, वर मेणासारखं वंगण. तांबं नाहीच, तर निळी चिंदी कुठून येणार? उलट त्या वंगणाचा पातळ थर नळीत बसला, की नेम स्थिर होतो. आईचा बिडाचा तवा आठवा. घासून चकाचक केला की पहिला घावन चिकटलाच म्हणून समजा. हिची दर गोळीनंतरची सफाई म्हणजे दर घावनानंतर तवा घासणं.

मग कधीच साफ करायची नाही? तसंही नाही. गोळी बसते त्या चेंबरच्या पुढे काजळी आणि शिशाचं कडक कडं जमतं, ते काढावंच लागतं. पण मागच्या बाजूने.

वही बंद झाली. (चेहरा बघण्यासारखा होता.) बोल्ट काढला, चेंबर रिकामा आहे ना हे दोघांनी डोळ्यांनी पाहिलं. मागून प्लॅस्टिकचा गाइड बसवला, म्हणजे रॉड मधोमध चालतो, कडांना घासत नाही. रॉड अखंड, वर कोटिंग केलेला. कारखान्यातून आलेलं तेल काढायला चार चिंद्या गेल्या. चिंदी मागून ढकलायची, पुढे पडू द्यायची, रॉड रिकामा मागे घ्यायचा. पुढे-मागे घासाघीस नाही. चौथी चिंदी जवळजवळ पांढरी निघाली. बास.

मग एकाच बनावटीच्या पन्नास गोळ्या. कंपनी बदलली की वंगण बदलतं, थर पुन्हा बसायला वेळ लागतो. पहिल्या दहा गोळ्या टार्गेटवर अशा विखुरल्या की हिचे डोळे भरले. मला तर गोव्याचा बीच दिसायला लागला! सर म्हणाले, 'चालू ठेव.' पंचविशीनंतर भोकं एकमेकांत शिरायला लागली. शेवटच्या दहा गोळ्यांची सगळी भोकं एक रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. मी ठेवून बघितलं.

घरी येताना गाडीत तिचा हात दोनदा किट बॅगेकडे गेला. 'एकदाच हलकीशी चिंदी फिरवू का?' बॅग मी माझ्या पायाशी घेतली. स्पर्धा दोन आठवड्यांवर आहे आणि रॉड सध्या माझ्या कपाटात, कुलपात.