वांकडी वाट

सरळ मार्गानें चालावें, वांकड्या वाटेस जाऊं नये, हा उपदेश आपल्या घराघरांतून मुलांस बाळपणापासून केला जातो, आणि नीतीच्या प्रांतांत तो यथार्थहि आहे. परंतु सकाळीं साडेसातास दांडीला डबा अडकवून सायकलीवर कामास निघणाऱ्या गृहस्थास तो अक्षरशः पाळतां येत नाहीं. नकाशांत जो रस्ता सरळ, रुंद व जवळचा दिसतो तोच तो टाळतो, आणि गल्लीबोळांतून, ओढ्याच्या कडेनें, देवळामागून वळसा घेऊन मुक्कामास पोंचतो. ह्या वेळीं अशा टाळलेल्या रस्त्यांविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण हा विषय दिसण्यांत एकट्या सायकलस्वाराचा असला, तरी त्याचें एक मूळ आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोंचलेलें आहे.

आमच्या ह्या भागाशीं सायकलीचें नातें जुनें आहे. कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १८८८ सालीं बेळगांवास सायकलींचें दुकान काढलें, आणि त्या दुकानापासून निघालेला उद्योग १९१० सालीं त्या वेळच्या औंध संस्थानांतील उजाड माळावर स्थिर झाला. तीच आजच्या सांगली जिल्ह्यांतील किर्लोस्करवाडी होय. पुढें कारकून, मास्तर, पोस्टमन, गिरणीकामगार अशा सर्वांस सायकल परवडूं लागली. नगरपालिका तिजवर कर घेऊन पत्र्याचा बिल्ला देत, आणि रात्रीं दिव्यावांचून फिरणारास पोलिस हटकीत. आतां तो बिल्ला गेला व रस्ते मोटारसायकलींनीं भरले. तथापि पहिल्या पाळीचा कामगार, कॉलेजांतील विद्यार्थी, वर्तमानपत्रें टाकणारा मुलगा आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानें पुन्हा पायडल मारूं लागलेला गृहस्थ, हीं मंडळी अद्यापि रस्त्यावर आहेत. त्यांच्याजवळ जें ज्ञान आहे तें कोणत्याहि कचेरींत लिहिलेलें नाहीं.

प्रथम साताऱ्याकडे पाहूं. हें शहर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेलें असल्यामुळें येथें रस्त्याची पहिली परीक्षा चढावर होते. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे जाण्यास वरचा रस्ता, म्हणजे राजपथ, आणि खालचा रस्ता असे दोन मार्ग आहेत. मोटारवाला त्यांतून निवड करतो ती गर्दी पाहून. सायकलस्वार करतो ती पोटऱ्यांस विचारून. ह्याचें गणित सोपें आहे. स्वार व सायकल मिळून ८० किलो वजन धरा आणि २० मीटर चालीस १ मीटर चढ धरा. ताशीं ८ किलोमीटर ह्या मंद गतीनें गेल्यास २० मीटर जाण्यास ९ सेकंद लागतात. म्हणजे दर ९ सेकंदांस ८० किलोचें ओझें एक मीटर उंच उचलण्याइतका तो व्यायाम झाला, आणि तोहि मागून कर्णे वाजत असतांना. म्हणून जाणता मनुष्य एकच उभा चढ अंगावर न घेतां आडव्या गल्ल्यांनीं त्याचे तुकडे पाडतो. लांबी वाढते, पण छाती फुलत नाहीं, आणि कामावर घामाघूम होऊन जावें लागत नाहीं.

पोवई नाक्यावर २०२१ सालीं भुयारी मार्ग वाहतुकीस खुले झाले. मोटारींचा खोळंबा कमी व्हावा हा त्यांचा हेतु. सायकलस्वाराच्या दृष्टीनें मात्र भुयारांत उतरतांना मिळालेला वेग पलीकडच्या चढावर लागलाच फेडावा लागतो; दोहों बाजूंस भिंती, पाठीशीं वाहनें, आणि अंग चोरून उभें राहण्यास कड नाहीं. यास्तव तो वरूनच, चौकाला वळसा घालून जाणें पसंत करतो. जी सोय चाकांची संख्या व यंत्राची शक्ति पाहून बांधली जाते, ती पायांच्या बळावर चालणारास सोय वाटेलच असें नाहीं.

चढापेक्षांहि कठीण अशी दुसरी परीक्षा महामार्गाची. पूर्वीं ४ क्रमांकाचा व आतां ४८ क्रमांकाचा पुणें-बंगळूर महामार्ग साताऱ्याच्या पूर्व अंगानें जातो. औद्योगिक वसाहत आणि रेल्वे स्टेशन हीं त्याच्या पलीकडे. म्हणजे शहरांत राहून वसाहतींत कामास जाणारास तो ओलांडल्यावांचून गत्यंतर नाहीं. महामार्गावरून मोटार ताशीं ८० किलोमीटर वेगानें येत असेल, तर ती एका सेकंदांत २२ मीटर पुढें येते. सायकलस्वारानें उजव्या खांद्यावरून मागें वळून पाहण्यास दोन सेकंद घेतले, तर तेवढ्यांत ती ४४ मीटर जवळ आलेली असते. शिवाय आघाताचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो; वेग दुप्पट झाला तर धक्का चौपट. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें रस्त्यावरील सरासरी वेग शेंकडा १ नें वाढला, तर प्राणघातक अपघाताचा संभव सुमारें शेंकडा ४ नें वाढतो. म्हणून बॉम्बे रेस्टॉरंट चौकासारख्या ठिकाणीं पुलाखालून, धीम्या वाहनांबरोबर पलीकडे जाणें, मग त्यासाठीं अर्धा-पाऊण किलोमीटर अधिक पडो, हेंच शहाणपणाचें. रस्त्याच्या लांबीबरोबर जाण्यांत जितकें भय आहे त्याहून अधिक तो ओलांडण्यांत आहे.

कृष्णेच्या कांठानें खालीं उतरत गेलें म्हणजे सांगली लागते. १९४९ सालीं दक्षिण सातारा म्हणून निराळा झालेला आणि १९६० सालीं सांगली हें नांव पावलेला हा जिल्हा. पण येथील सायकलस्वाराचा वर्ज्यावर्ज्य-विचार अगदीं निराळा आहे. शहर सपाट, चढ जवळजवळ नाहींच. येथें रस्ता ऋतूप्रमाणें बदलतो. सांगली, मिरज व कुपवाड यांची १९९८ सालीं एकच महानगरपालिका झाली, आणि विश्रामबागेवरून जाणारा सांगली-मिरज रस्ता हा त्या तिघींचा जणूं कणा झाला. १९१९ चें विलिंग्डन कॉलेज आणि १९४७ चें इंजिनिअरिंग कॉलेज, जें पुढें वालचंद यांच्या नांवानें प्रसिद्धीस आलें, हीं ह्याच बाजूस असल्यामुळें विद्यार्थ्यांची रीघ मोठी. त्या रस्त्यावर उभ्या रिक्षा, एकदम उघडणारीं मोटारींचीं दारें आणि थांब्यावर कडेला घुसणाऱ्या बसगाड्या यांना कंटाळून जाणते लोक वसाहतींमधील आंतल्या रस्त्यांनीं जातात. आषाढ-श्रावणांत पश्चिमेचा वारा सुटला, कीं मिरजेहून सांगलीस येणारास तो समोरून लागतो. तेव्हां घरांच्या आडोशाची वाट लांब असूनहि हलकी वाटते.

पावसाळ्यांत कृष्णाच रस्ते ठरविते. १९२९ सालीं बांधून झालेल्या आयर्विन पुलाशीं पाण्याची उंची मोजतात. ४० फुटांस इशारा, ४५ फुटांस धोका. २०१९ च्या ऑगस्टांत ती ५७ फुटांवर गेली आणि मारुति चौक, टिळक चौक, हरभट रोड पाण्याखालीं गेले. पूर नसतांहि सखल भागांत गुडघाभर पाणी सांचतें. त्याखालीं उघडें गटार आहे कीं खड्डा, हें दिसत नसल्यामुळें ओळखीचा रस्ताहि त्या दिवशीं अनोळखी समजावा, हा येथील जुन्या स्वारांचा नियम आहे. पाणी ओसरल्यावर काळ्या मातीचा चिखल चाक व मडगार्ड यांच्या फटींत बसून चाक जाम करतो, हा त्रास निराळाच.

पाऊस संपतो न संपतो तोंच उसाचा हंगाम येतो. साधारणपणें कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, ट्रॅक्टरामागें दोन दोन ट्रेलर जोडून ऊस कारखान्यांकडे चाललेला असतो. मोळ्या दोहों अंगांस बाहेर आलेल्या असतात. वळणावर मागचा ट्रेलर ट्रॅक्टराच्या चाकोरींतून न जातां आंतल्या बाजूस सरकतो. त्या आंतल्या बाजूस जर सायकल असेल तर तिला जागाच उरत नाहीं. रात्रीं मागें दिवा किंवा चकाकणारी पट्टी नसली, तर उभा ट्रेलर अंधारांत दिसतहि नाहीं. त्यामुळें जो रस्ता वैशाखांत चांगला तोच पौषांत वर्ज्य ठरतो. आपला मुलगा रोज कोणत्या वाटेनें जातो, हें वर्षांतून एकदां विचारून भागत नाहीं, तें ह्याचसाठीं.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत वाट कोणास द्यावी त्यांची गणना आहे. वाहनारूढ, नव्वदी ओलांडलेला वृद्ध, रोगी, भार वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा व नवरदेव, असे ते आठ. वाहनांत बसलेल्यास वाट द्यावी हें शास्त्रकारांसहि मान्य होतें. पण तो आठांपैकीं एक होता. आज रस्त्यावर त्या आठांतील तो एकच उरला आहे, व बाकीचे सात त्याला वाट देत गटाराच्या कडेस उभे आहेत. २०२२ ह्या एका वर्षांत आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं. एखादें मध्यम शहर एका वर्षांत ओस पडावें, अशी ही संख्या आहे.

ही स्थिति ईश्वरनिर्मित नव्हे. सायकलींचा देश म्हणून आज ज्याची ख्याति आहे त्या नेदरलंडांत १९७१ सालीं रस्त्यांवर सुमारें ३,३०० माणसें मेलीं, आणि त्यांत ४०० हून अधिक मुलें होतीं. तेव्हां आईबाप रस्त्यावर येऊन बसले. त्यानंतरच्या वर्षांत तेथें वस्त्यांतून मोटारींचा वेग उतरविण्यांत आला आणि सायकलींस निराळ्या वाटा बांधण्यांत आल्या. तेथील लोक जन्मतः आपल्याहून शहाणे नव्हते. आपलीं मुलें कोठें मरतात हें त्यांनीं मोजलें, एवढेंच.

आतां स्वयंपाकघराकडे वळूं. वळशाच्या वाटेनें २ किलोमीटर अधिक पडतात असें धरा. ताशीं १२ किलोमीटर वेगानें त्यास १० मिनिटें लागतात. हीं दहा मिनिटें स्वारास घरांतूनच मिळावीं लागतात. एकत्र कुटुंबांत सकाळीं न्हाणीघर एक, माणसें सात. डबा तयार व्हावयाचा. कोणाचें औषध, कोणाची पूजा, कोणाची शाळा. ह्या सर्वांतून जो मनुष्य सात चाळीसला निघावयाचा तो सात पन्नासला निघतो, आणि त्या दिवशीं त्याची सायकल आपोआप महामार्गाकडे वळते. धोक्याचा रस्ता त्याला आवडतो म्हणून नव्हे, तर हजेरीपट तेवढ्याच वेळीं उघडा असतो म्हणून. आमच्या मतें घरांतील वडील मंडळींनीं आपलें स्नान व चहा थोडा मागें घेऊन ज्यास लांब जावयाचें आहे त्यास पहिला मान द्यावा. सूनबाईंनींच पहांटे आणखी लवकर उठावें असा ह्याचा अर्थ कोणी करूं नये. भाजी आदल्या रात्रीं निवडून चिरून ठेवण्यास घरांतील कोणाचेहि हात चालतील, आमच्यासारख्या निवृत्तांचेहि.

मुलींच्या बाबतींत आणखी एक विवेक अवश्य आहे. वाहनांपासून सुरक्षित असलेली आडवाट संध्याकाळीं सातनंतर निर्मनुष्य व अंधारी असूं शकते. तेथें मोकाट कुत्रींहि मागें लागतात. म्हणून जाण्याची वाट एक व येण्याची दुसरी, असें ठरवावें लागलें तर ठरवावें. मात्र अडचण आली म्हणजे लागलीच सायकल बंद करण्याचा हुकूम सुटतो, तो सुटूं नये. वाट बदलावी, जाणें थांबवूं नये.

आज रात्रीं पानावर बसतांना घरांतील सायकलस्वारास एवढेंच विचारावें, कीं तूं कोणता रस्ता टाळतोस आणि कां. पांच-दहा घरांचीं उत्तरें एका कागदावर उतरवून, चौकाचें नांव, वेळ व कारण ह्यांसह तो कागद आपल्या नगरसेवकाच्या हातीं द्यावा व पोंच घ्यावी. बंद पडलेला दिवा, गटाराचें हरवलेलें झांकण, ओलांडण्यास पाहिजे असलेला थांबा, ह्या गोष्टींस मोठा खर्च येत नाहीं. त्या कोठें पाहिजेत हें कोणीं तरी सांगावें लागतें, आणि तें ज्यास ठाऊक आहे तो मनुष्य आपल्याच पंक्तीस जेवीत असतो.