शून्य रोधाची वाट आणि स्वदेशीचा संकल्प

चंद्रपूरची वीज मुंबईच्या उंबरठ्यापर्यंत आणणारी चंद्रपूर–पडघे ही एकदिश प्रवाहाची, म्हणजे डीसी, वाहिनी १९९९ साली सुरू झाली. लांबी ७५२ किलोमीटर, क्षमता १५०० मेगावॉट. महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशीच ही उभारणी. पण तिच्या तंत्रज्ञानासाठी परकीय कंपनीचा हात धरावा लागला, हेही विसरता येत नाही. आता वीजवहनाचे पुढचे पर्व दारात उभे असताना तीच कथा पुन्हा घडू द्यायची काय, हा खरा प्रश्न आहे.

हे पर्व आहे अतिसंवाहक तारांचे. साध्या तारेत रोधामुळे काही वीज उष्णता होऊन वाटेतच विरते. काही पदार्थ अतिशीत केले की हा रोध नाहीसा होतो, हे १९११ साली हॉलंडमध्ये कॅमरलिंग ओनेस यांनी दाखविले. पुढे १९८७ मध्ये उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्येही हा गुण टिकवणारे पदार्थ हाती आले. प्रत्यावर्ती प्रवाहात अशा तारेतही थोडी हानी होतेच. एकदिश प्रवाहात मात्र ती जवळजवळ उरत नाही. खर्च राहतो तो तार थंड ठेवण्याचा.

जपानच्या चुबू विद्यापीठाने २०१० मध्ये २०० मीटरची अशी एकदिश वाहिनी तपासली. त्यानंतर होक्काइडोतील इशिकारी येथे ती किलोमीटरपर्यंत पोहोचली. शेकडो किलोमीटरचा पल्ला अजून कोणीही गाठलेला नाही. म्हणजेच शर्यत संपलेली नाही. मात्र या तारेला लागणाऱ्या यिट्रियमच्या निर्यातीवर चीनने एप्रिल २०२५ मध्ये निर्बंध घातले, हा इशारा पुरेसा बोलका आहे.

खेड्यातली साधी वीज आधी सुधारा, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ही दोन कामे परस्परांची वैरी नव्हेत. १९९३ मध्ये अमेरिकेच्या दडपणामुळे रशियाने क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान नाकारले; ५ जानेवारी २०१४ रोजी आपल्या शास्त्रज्ञांनी स्वदेशी इंजिनावर जीएसएलव्ही यशस्वी करून त्याला उत्तर दिले. फ्रान्समधील ‘इटर’ प्रकल्पाचे प्रचंड शीतपात्र हजिऱ्यात घडले. अतिशीत तंत्राची विद्या आपल्याकडे आहे. उणीव आहे ती अतिसंवाहक तार विपुल प्रमाणात देशातच घडविण्याची.

शासनाने दाट वस्तीच्या एखाद्या महानगरात किलोमीटरभराची प्रायोगिक वाहिनी हाती घ्यावी, उद्योगांनी तारनिर्मितीत भांडवल घालावे आणि आपल्या घरांतील बुद्धिमान तरुणांनी पदार्थविज्ञानाची खडतर वाट निवडावी. नकार मिळाल्यावर जागे होणे आपण एकदा अनुभवले आहे. या वेळी नकाराची वाट पाहू नये. स्वदेशी म्हणजे केवळ जुन्याचे जतन नव्हे; उद्याचे साधन आजच आपल्या हातांनी घडविणे, हाही स्वदेशीचाच धर्म आहे.