आरसीत पाच सीट्स, गाडीत दोन

रॅलीत उतरणारी गाडी स्टार्टलाइनवर जाण्याआधी तिची तपासणी होते. ड्रायव्हर आणि मेकॅनिक तिला नुसतं 'स्क्रूटिनी' म्हणतात. भारतातल्या मोटरस्पोर्टचं नियमन एफएमएससीआय ही फेडरेशन करते आणि तिचे अधिकारी ही तपासणी घेतात. रोलकेजच्या नळ्यांचे जोड बघतात. सीटबेल्टच्या शिवणीवरचं लेबल वाचून त्याची मुदत संपली आहे का ते पाहतात. आग विझवायचा सिलिंडर घट्ट बसलाय का, बॅटरी तोडायचा स्विच बाहेरून चालतो का, ओढून न्यायचा हुक जागेवर आहे का, सगळं बघतात. हेल्मेटसुद्धा हातात घेऊन उलटंपालटं करतात. एक गोष्ट खटकली तरी ती दुरुस्त होईपर्यंत गाडी हलत नाही. रॅली संपल्यावरही गाड्या कुंपणात अडकवून ठेवतात आणि शंका आली तर पुन्हा उघडतात.

आता हीच गाडी घेऊन संगम पुलाजवळच्या आरटीओत जा. आरसीवर आसनक्षमता ५ लिहिलेली, आत बघावं तर सीट्स दोनच. मागच्या सीटच्या जागी पोलादी पिंजरा. आरसीवर लिहिलेलं वजन आणि गाडीचं खरं वजन जुळत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच अर्थावर शिक्का मारला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही ठरवून दिली: दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

म्हणजे उलटल्यावर आतल्या दोघांचा जीव वाचवणारा पिंजरा काढून टाका, मागचं बाकडं परत बसवा, की झाली गाडी कायदेशीर.

'मग ट्रेलरवर टाकून न्या की,' असं सुचवणारे भेटतात. त्यांनी रॅली बघितलेली नसते. रॅली म्हणजे सर्किटवरची गोलगोल शर्यत नाही. बंद केलेल्या रस्त्यावर एक वेगवान टप्पा होतो, मग गाडी स्वतःच्या चाकांवर, नंबरप्लेट लावून, सिग्नल पाळत, बस आणि टेम्पोंच्या मधून पुढच्या टप्प्याला जाते. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतही हेच चालतं. रस्त्यावर चालणं हा या खेळाचा नियमच आहे. संजय टकलेंसारखे पुण्याचे चालक आशिया-पॅसिफिक अजिंक्यपदापर्यंत गेले की आपण कौतुकाच्या पोस्ट टाकतो, पण ज्या गाडीत हा खेळ शिकायचा तिला आपल्या कायद्यात खानाच नाही. रोज कोणी पकडत नाही, हे खरं. पण सुटणं हवालदाराच्या मर्जीवर असेल, तर त्याला परवानगी म्हणत नाहीत.

आता दुसरी गाडी बघू, तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमधली. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते. त्या १५ वर्षांत तिचे ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन बघायला सरकारचा एकही माणूस येत नाही. 'पीयूसी काढतो की!' काढता, पण पीयूसी हा धुराचा दाखला आहे. पेट्रोल पंपावरच्या त्या व्हॅनमधला पोरगा सायलेन्सरमध्ये नळी घालतो, त्याला ब्रेकशी देणंघेणं नसतं. टायर गुळगुळीत होऊ देत, हँडब्रेक शोभेचा असू देत, गाडी कागदावर निर्दोष. कारण कायद्याचा प्रश्न 'ही गाडी सुरक्षित आहे का?' असा नाहीच. तो विचारतो, 'ही कंपनीने दिली तशीच आहे का?' आणि तेही एकदाच, नवी असताना.

रिक्षा, ट्रक, बस यांना फिटनेस आहे: आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. ती चाचणी कशी होत होती? पुण्यातल्या एका नागरिकाने जनहित याचिका केली, तेव्हा २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाला आरटीओंकडे २५० मीटरच्या चाचणी मार्गाचा आग्रह धरावा लागला. ब्रेक तपासायचे तर गाडी पळवून थांबवायला रस्ता लागतो, हे न्यायालयाने सांगावं लागलं! आज पुण्याच्या व्यावसायिक गाड्या त्यासाठी दिवे घाटापलीकडे जातात.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री नवले पुलाच्या उतारावर एका मालवाहू गाडीने चाळीसहून अधिक गाड्या ठोकल्या. मिनिटाभरात सगळ्यांच्या फोनवर 'ब्रेक फेल'. पुढे तपासात आलं की चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं. अवजड गाडीचे ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर फिरतो. अशी चूक कुठलीही तपासणी पकडणार नाही, मान्य. पण तपासणीची विश्वासार्ह नोंद असती तर 'ब्रेक फेल' ही सबब इतक्या सहज खपलीही नसती.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला: मुभा दिली तर रात्री जंगली महाराज रस्त्यावर फटाके फोडणारे सायलेन्सरवालेही 'आमची रॅलीची गाडी' म्हणतील. म्हणूनच तर खाना हवा! आज कायद्याला फटाके फोडणारा सायलेन्सर आणि जीव वाचवणारा पिंजरा यांतला फरक सांगता येत नाही. स्पर्धेचं लायसन्स, फेडरेशनची तपासणी आणि दरवर्षीचा दाखला मागा, मग हौशे गळतील, राहतील ते खेळाडू.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: तपासणी वाढली की एजंटचा धंदा वाढणार. हे भय खोटं नाही. पण त्यावरचा उपाय तपासणी टाळणं नाही, ती माणसाच्या हातून काढणं आहे. रोलरवर चाक चढवलं की प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोराने धरतो याचा आकडा मशीन देतं. स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम केंद्राने २०२१ मध्ये आणलेच आहेत. तो आकडा मालकाला मिळावा आणि जुनी गाडी घेणाऱ्यालाही दिसावा.

कायद्याला अपवाद करता येत नाहीत असंही नाही. सीएनजी किट बसवायला त्याने वाट करून दिली आणि त्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी सक्तीची केली. अपंग चालकासाठी गाडीत बदल करायलाही मंजुरीची सोय आहे. विम्याच्या दरपत्रकात रॅलीसाठी वेगळी पुरवणी आहे. बदल करा, पण तो तपासून, नोंदवून घ्या, हे तत्त्व आपल्याला ठाऊक आहे. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी चाचणी द्यावी लागते, आणि रस्त्यावर येणाऱ्या रॅलीच्या गाडीचीही त्यातून सुटका नाही. पिंजरा आहे म्हणून तिला कोणी हाकलत नाही आणि साधी आहे म्हणून शेजाऱ्याची गाडी कोणी सोडत नाही.

तेव्हा मागण्या दोनच. स्पर्धेच्या गाड्यांसाठी आरसीत वेगळा वर्ग आणि त्यांची दरवर्षी तपासणी. आणि काही वर्षं वापरलेल्या प्रत्येक खासगी गाडीची ब्रेक, टायर, स्टिअरिंगची ठरावीक मुदतीने मशीनवर चाचणी. ज्या शहरात वेताळ टेकडीवर १९६६ पासून एआरएआय आहे आणि नाशिक रस्त्यावर सीआयआरटी आहे, जिथे देशभरातल्या गाड्या कसोटीला येतात, त्या शहराने 'आमच्याकडे सोय नाही' म्हणणं शोभत नाही.

तोवर एक करा. खाली पार्किंगमध्ये जा आणि घरच्या गाडीच्या टायरच्या खाचांत बघा. तळाशी झिजेची खूण म्हणून रबराचा छोटा उंचवटा असतो. टायरचा पृष्ठभाग झिजून त्याच्या बरोबरीला आला असेल, तर तो टायर बाद आहे. मग घरच्यांना विचारा, गाडीचे ब्रेक शेवटचे कोणी आणि कधी तपासले? रॅलीच्या चालकाला याचं उत्तर तारखेसकट देता येतं.