भाता कोणी ओढायचा?

वर्तमानपत्रात रोज कुठला ना कुठला प्रश्न 'ऐरणीवर' येतो. अवघड काम अंगावर आले की आपण 'लोखंडाचे चणे' खातो. भालजी पेंढारकरांच्या १९६५ सालच्या 'साधी माणसं' चित्रपटातले ऐरणीचे गाणे तर तीन पिढ्यांच्या ओठांवर आहे. पण हे शब्द सहज वापरणाऱ्यांपैकी खरीखुरी ऐरण जवळून पाहिलेले किती असतील? निदान आमच्या लोणावळ्यात बंगले बांधून राहिलेल्या मंडळींत असा माणूस मला क्वचितच भेटतो.

याच मंडळींकडून अलीकडे एक हळहळ मात्र वारंवार ऐकू येते. लोहारकाम संपत चालले, असे ते म्हणतात, आणि ते खोटे नाही. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ ही सारी खोरी भाताची. आंबेमोहराची, आणि वडगावच्या भात संशोधन केंद्राने दिलेल्या इंद्रायणीची. इथली शेती उभी होती ती फाळ, पहार, विळा आणि खुरपे यांवर, आणि ही अवजारे गावच्या लोहाराच्या हातची. बारा बलुतेदारांतला तो एक. वर्षभर फाळ शेवटून द्यायचा, विळ्याला धार आणि पाणी द्यायचे आणि सुगीला खळ्यावरून धान्याचा वाटा न्यायचा. पुढे बलुते सुटले, पॉवर टिलर आले, तयार विळे बाजारात टांगलेले मिळू लागले. आता एखाद्या गावात लोहारसाळ दिसलीच, तर आत म्हातारा माणूस असतो आणि त्याचा मुलगा तळेगावच्या नाही तर चाकणच्या कारखान्यात.

हळहळणारे नेमके इथेच बोट ठेवतात. पोराने बापजाद्यांची कला सोडली, म्हणतात. मला या वाक्याचा राग येतो. भटजींचा मुलगा बँकेत लागला, वकिलाचा मुलगा इंजिनीअर झाला, तर आपण पेढे वाटतो. मग लोहाराच्या मुलानेच तेवढे जन्मभर भट्टीसमोर का भाजून घ्यायचे? ज्या कामाने त्याच्या घराला ना पैसा दिला ना पंगतीत मान, ते त्याने आपल्या करमणुकीसाठी सांभाळून ठेवावे, ही अपेक्षा कलाप्रेमाची नव्हे, जुन्या गावगाड्याची आहे. कामशेतजवळच्या एका लोहारमामांना माझ्याबरोबरच्या पाहुण्यांनी हाच प्रश्न विचारला होता. मामा हातोडा न थांबवता म्हणाले, "माझा नको म्हनतो. तुमच्या पोराला पाठवा की. शिकवीन." पाहुणे हसले. मामा हसले नाहीत.

माझे म्हणणे एवढेच आहे की मामांचे ते बोलणे आपण खरे मानावे. ही विद्या टिकावी असे ज्यांना वाटते, त्यांनी ती स्वतःच्या हातांनी शिकावी. ज्यांचे पोट तिच्यावर अवलंबून नाही, ज्यांच्या घरामागे दहा फूट मोकळी जागा आहे, संध्याकाळी वेळ आहे, त्यांनी. मातीकामाच्या वर्गाला आपण हौसेने जातो. लोखंडाकडे मात्र जात नाही. हात काळे होतात एवढेच कारण असेल असे मला वाटत नाही.

हे काही अघटित नाही. उत्तर अमेरिकेत १९७३ साली 'आर्टिस्ट-ब्लॅकस्मिथ्स असोसिएशन' स्थापन झाली आणि पिढीजात लोहार नसलेली माणसे घरच्या शेडमध्ये भट्ट्या पेटवू लागली. एवढे लांब कशाला? आपल्याच जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरसारख्या कंपनीतले संशोधनाचे काम सोडून आलेला हा शास्त्रज्ञ खेड्यातल्या मुलांना हाताने काम करता करता शिकवू लागला. लोखंड कापणे, जोडणे, वेल्डिंग हे त्या शिक्षणातच होते. मुलगा कुठल्या आळीतला, हा प्रश्न तिथे नव्हता.

मी स्वतः निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हा उद्योग मांडला आहे. सामान फारसे लागत नाही. ट्रकचा जुना ब्रेक ड्रम ही भट्टी, त्याला खालून लोखंडी नळी आणि हाताने फिरवायचा पंखा, लाकडी कोळसा, किलोभराचा हातोडा, दोन सांडशा, एक व्हाइस. ऐरणीच्या जागी रुळाचा तुकडा उत्तम चालतो, पण तो भंगारवाल्याकडून पावती घेऊनच आणावा. रेल्वेचा माल विनापरवाना बाळगणे हा गुन्हा आहे, आणि लोणावळ्यात रूळ जरा जास्तच जवळ आहेत! अंगात सुती कपडे, डोळ्यांना चष्मा, शेजारी पाण्याची बादली. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप किंवा पत्रा मात्र भट्टीत कधीही घालू नये, त्याचा धूर विषारी असतो.

आणि मग लोखंड बोलू लागते. लोहारसाळ अंधारी का असते, हे मला इथे कळले. तापलेल्या धातूचा रंग उन्हात दिसत नाही. गडद लाल असताना ठोकाल तर लोखंड हट्ट करते, नारिंगी-पिवळे झाले की मेणासारखे वळते, पांढरे होऊन ठिणग्या उडू लागल्या की जळाले. विळ्यासाठी मी ट्रकच्या कमानीचा मोडका पाटा वापरतो, कारण त्याच्यात कार्बन पुरेसा असतो. साध्या सळईला कितीही पाणी द्या, ती धार धरत नाही. पाते लालभडक करून बुडवले की ते कडक होते, पण काचेसारखे ठिसूळ. म्हणून ते दगडावर घासून लखलखीत करायचे आणि पाठीकडून पुन्हा हलकी ऊब द्यायची. मग चकचकीत पात्यावरून रंग सरकू लागतात. गवतासारखा पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. २२० ते ३०० अंशांमधला हा सगळा खेळ काही क्षणांचा. विळ्याच्या धारेवर पिवळ्यानंतरचा तपकिरी आला की तिथेच पुन्हा पाण्यात. मामांकडे थर्मामीटर नाही. त्यांचा डोळाच तो, आणि तो पुस्तकातून उतरवून घेता येत नाही, शेजारी उभे राहूनच घ्यावा लागतो. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटच्या एका सुताराचे नाव दगडात कोरलेले आहे. तो काळा पाषाण फोडताना क्षणाक्षणाला बोथट होणाऱ्या छिन्न्यांना पाणी देणारे डोळेही त्या डोंगरावर असलेच पाहिजेत.

हे बायकांचे काम नव्हे, असे कोणी म्हणेल. त्याने रस्त्याकडेला उतरलेल्या घिसाड्यांचे बिऱ्हाड पाहावे. पुरुष सांडशीत लोखंड धरून बसलेला असतो आणि घण घालत असते ती त्याची बायको.

हौशी मंडळींनी लोहाराचे गिऱ्हाईक पळवू नये, ही शंका रास्त आहे. पण महिन्याला एखादा विळा करणाऱ्याने कोणाचा बाजार बुडत नाही. उलट मामांना आज गिऱ्हाइकापेक्षा शिष्य हवे आहेत, आणि शिष्याने फी द्यायची असते. गिटारच्या आणि पोहण्याच्या वर्गाला आपण जेवढे मोजतो, तेवढे मामांच्या हातावर ठेवायला काय हरकत आहे? मी सध्या महिन्याच्या दोन रविवारी सकाळी त्यांच्याकडे जातो. पावसाळ्यात मात्र आमचे लोणावळे कोणाचे ऐकत नाही. रात्री पुसून ठेवलेला हातोडा सकाळी तांबूस होतो, म्हणून सगळ्या हत्यारांना तेल लावून ती कापडात गुंडाळावी लागतात. त्या दिवसांत मामा मला नुसता भाता ओढायला बसवतात.